करोनाची रुग्णसंख्या वाढू लागल्यावर: महानगरातील आकडे कसे वाचावेत आणि कोणत्या क्रमाने हालचाल करावी

शहरात करोनाचे रुग्ण वाढू लागले की बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहिला जातो, तो वाढलेला दिसला की धावपळ सुरू होते आणि दोन दिवसांनी उतरला की ती थांबते. आज अहवालात दिसणारा रुग्ण मात्र साधारणपणे आठवडा-दहा दिवसांपूर्वी बाधित झालेला असतो, कारण संसर्ग ते लक्षणे, लक्षणे ते चाचणी आणि चाचणी ते नोंद या प्रत्येक पायरीवर दिवस जातात. त्यामुळे आकडा डोळ्यांत भरेपर्यंत थांबून मग काय करायचे याची चर्चा सुरू केली, तर ती चर्चा संपेपर्यंत आणखी एक आठवडा हातचा गेलेला असतो. कोणत्या आकड्याला कोणती कृती करायची हे वाढ सुरू होण्याआधीच ठरलेले असले पाहिजे. पुढील सर्व टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत.

हा लेख प्रभाग पातळीवर काम करणारे आरोग्य अधिकारी, नियंत्रण कक्षात नोंदी ठेवणारे कर्मचारी आणि त्यांच्या मदतीला येणारे स्वयंसेवक यांच्यासाठी आहे.

## टप्पा १: वाढ दिसण्याआधीची तयारी

पहिले काम व्याख्यांचे आहे. 'नवा रुग्ण' कोणाला म्हणायचे, 'निकट संपर्क' कोणाला म्हणायचे आणि 'करोनामुळे दाखल' व 'करोनासह दाखल' यांत भेद कसा करायचा, हे एका पानावर लिहून सर्व प्रभागांना द्यावे. हे पान नसेल तर प्रत्येक प्रभाग आपापल्या समजुतीने मोजतो आणि मग प्रभागांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

दुसरे काम नोंदीच्या नमुन्याचे. प्रत्येक रुग्णामागे तीन तारखांचे तीन वेगळे रकाने हवेत: लक्षणे सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख आणि अहवाल आल्याची तारीख. एकच 'तारीख' असा रकाना ठेवला की भरणारा कधी ही, कधी ती तारीख लिहितो आणि नंतर कितीही मेहनत केली तरी त्या सुट्या करता येत नाहीत. पत्ता रुग्ण राहतो तिथला हवा, प्रयोगशाळेचा किंवा रुग्णालयाचा नव्हे. हे सांगायला लागू नये, पण मोठी प्रयोगशाळा असलेल्या प्रभागात अचानक 'उद्रेक' दिसण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

तिसरे काम याद्यांचे: वृद्धाश्रम, डायलिसिस केंद्रे, वसतिगृहे, तुरुंग, निवारागृहे आणि दाट वस्त्या. प्रत्येक ठिकाणच्या एका जबाबदार व्यक्तीचा क्रमांक आधीच घेऊन ठेवावा आणि तो लागतो का, हे महिन्यातून एकदा पाहावे.

तपासून पाहा: कोणत्याही दोन प्रभागांतील कर्मचाऱ्यांना एकाच काल्पनिक रुग्णाची माहिती द्या आणि नोंद करायला सांगा. दोघांच्या नोंदी तंतोतंत जुळत नसतील तर नमुना अजून तयार झालेला नाही.

## टप्पा २: रोजची नोंद स्वच्छ करणे

आलेख काढण्याआधी यादी स्वच्छ करावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. मी काही महिने अशा याद्या रोज सकाळी चाळत असे, आणि एकच स्त्री तीन वेगळ्या ओळींत सापडणे हा नित्याचा अनुभव होता: एकदा माहेरच्या आडनावाने, एकदा सासरच्या आडनावाने आणि एकदा आडनावाशिवाय, वय एका ठिकाणी ५२, दुसरीकडे ५३. भ्रमणध्वनी क्रमांक मात्र तिन्ही ठिकाणी तोच होता. उलट प्रकारही असतो. एकाच क्रमांकावर घरातील पाच जणांची नोंद असते आणि क्रमांक समान दिसला म्हणून घाईने चार नावे उडवली जातात. म्हणून दुबार नोंद ठरवताना क्रमांक, वय आणि लिंग हे तिन्ही एकत्र पाहावेत, नाव शेवटी पाहावे.

आरटी-पीसीआर चाचणी बरे झाल्यानंतरही काही आठवडे बाधित दाखवू शकते. म्हणून त्याच व्यक्तीचा पुन्हा आलेला बाधित अहवाल नवा रुग्ण म्हणून मोजण्याआधी मधला काळ पाहावा. यासाठी ९० दिवसांची मर्यादा अनेक ठिकाणी वापरली गेली आहे. कोणतीही मर्यादा निवडा, पण ती व्याख्यांच्या पानावर लिहा आणि लाट चालू असताना बदलू नका.

फाइल कशी साठवली जाते याकडेही लक्ष हवे. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमधून पुढे जात होती आणि त्या फाइलमधील ओळींची मर्यादा संपली होती. रुग्णांना त्यांचे अहवाल मिळाले होते. ज्यांनी त्यांच्या संपर्कातील लोकांना शोधायचे होते त्यांच्यापर्यंत मात्र ही नावे वेळेवर पोहोचली नाहीत.

तपासून पाहा: प्रयोगशाळांनी पाठवलेल्या ओळींची एकूण संख्या आणि तुमच्या यादीत आलेल्या ओळींची संख्या रोज शेजारी शेजारी लिहा. फरक असेल तर त्याचे कारण त्याच दिवशी सापडले पाहिजे.

## टप्पा ३: वाढ खरी आहे का, हे ठरवणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे थोडे थांबून काम करावे.

अ) सात दिवसांची सरासरी. सुटीच्या दिवशी चाचण्या कमी होतात आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत साचलेले अहवाल एकदम येतात. एका दिवसाच्या आकड्याकडे पाहून निष्कर्ष काढू नये. मागील सात दिवसांची सरासरी घ्यावी आणि तिची तुलना त्याआधीच्या सात दिवसांच्या सरासरीशी करावी.

आ) आलेख कोणत्या तारखेवर काढला आहे. अहवालाच्या तारखेवर काढलेला आलेख प्रयोगशाळेचा वेग दाखवतो. रोगाचा वेग पाहायचा असेल तर लक्षणांची तारीख, आणि ती नसेल तर नमुन्याची तारीख घ्यावी. मात्र अशा आलेखाचे शेवटचे काही दिवस नेहमी अपुरे असतात. परवा ताप आलेल्या माणसाने अजून चाचणीच केलेली नसते, त्यामुळे आलेखाचे टोक खाली वळलेले दिसते.

सावधान: हे खाली वळलेले टोक म्हणजे उतरण नव्हे. शेवटचे चार-पाच दिवस करड्या रंगात दाखवा आणि त्यांवर कोणताही निर्णय घेऊ नका. 'लाट ओसरली' अशी घोषणा करून नंतर ती मागे घेण्याची वेळ बहुतेकदा याच टोकामुळे येते.

इ) चाचण्या आणि बाधितांचे प्रमाण. १,००० चाचण्यांत ५० बाधित आणि पुढच्या आठवड्यात २,००० चाचण्यांत १०० बाधित, म्हणजे रुग्ण दुप्पट झाले तरी प्रमाण ५ टक्केच राहिले. येथे वाढ चाचण्यांची असू शकते. पण ५०० चाचण्यांत ६० बाधित आले, तर आकडा १०० वरून उतरला असला तरी प्रमाण १२ टक्क्यांवर गेले आहे आणि ही स्थिती अधिक काळजीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये निर्बंध सैल करण्याच्या निकषांत बाधितांचे प्रमाण दोन आठवडे ५ टक्क्यांखाली असावे असे म्हटले होते, पण तेही पुरेशा आणि सर्वदूर चाचण्या होत असतील तरच. चाचणी कोणाची होते आहे हे कळल्याशिवाय प्रमाणाला अर्थ नाही. प्रवासापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी होणाऱ्या चाचण्या लक्षणे असलेल्यांच्या चाचण्यांत मिसळल्या की प्रमाण आपोआप खाली येते. हे दोन गट वेगळे ठेवावेत.

ई) दुपटीचा काळ. सरासरी आठवड्यात २०० वरून ३०० वर गेली, म्हणजे दीडपट झाली, तर त्याच वेगाने रुग्ण सुमारे १२ दिवसांत दुप्पट होतात. आठवड्याला २५ टक्के वाढ असेल तर सुमारे २२ दिवस, १० टक्के वाढ असेल तर सुमारे ५१ दिवस. वाढ टक्क्यांत सांगितली की ती किरकोळ वाटते. दिवसांत सांगितली की हातात किती वेळ आहे ते कळते. बैठकीत दुसरी पद्धत वापरावी.

उ) लोकसंख्येशी गुणोत्तर. प्रभागांची तुलना दर लाख लोकसंख्येमागे किती रुग्ण अशीच करावी. लहान प्रभागात रुग्ण २ वरून ४ झाले तर तेही 'दुप्पट' असते. अशा वेळी टक्केवारी बाजूला ठेवून ते चार जण कोण आहेत आणि एकमेकांना ओळखतात का, हे विचारणे जास्त उपयोगी पडते.

## टप्पा ४: दुसरी साक्ष घेणे

घरी करायच्या अँटिजेन चाचण्या सर्वत्र मिळू लागल्यापासून अनेक बाधितांची कुठेही नोंद होत नाही. त्यामुळे नोंदलेले रुग्ण हा एकच आधार आता पुरत नाही. किमान दोन वेगळ्या दिशांनी येणारी माहिती जुळली की मगच पुढे जावे.

सांडपाण्याची तपासणी ही त्यातील सर्वात उपयोगी. बाधित माणसाच्या विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर पडतात, मग त्याने चाचणी केलेली असो वा नसो, त्याला लक्षणे असोत वा नसोत. त्यामुळे वाढीचा इशारा अनेकदा रुग्णसंख्येच्या काही दिवस आधी मिळतो. मात्र पाऊस पडला की सांडपाणी पातळ होते आणि पातळी उगाच घटलेली दिसते. म्हणून त्या दिवशीचा प्रवाह मोजून आकडा दुरुस्त करावा लागतो. एका नमुन्यावर विसंबू नये. तेच ठिकाण, तीच वेळ आणि आठवड्यातून किमान दोन नमुने ठेवावेत.

फ्लूसारखा ताप-खोकला घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणारे आणि श्वसनाच्या तीव्र त्रासाने दाखल होणारे रुग्ण ठराविक रुग्णालयांत मोजावेत. येथे प्रत्येकाची चाचणी होते, त्यामुळे लोक स्वतःहून चाचणीला येतात की नाही याचा या मोजणीवर परिणाम होत नाही.

जनुकीय क्रमनिर्धारणासाठी, म्हणजे विषाणूचा उपप्रकार ओळखणाऱ्या तपासणीसाठी, नमुने निवडताना केवळ गंभीर रुग्णांचे किंवा केवळ प्रवाशांचे पाठवू नयेत. सर्व प्रभागांतून यादृच्छिक पद्धतीने काही नमुने गेले तरच नव्या उपप्रकाराचा शहरातील वाटा कळतो.

## टप्पा ५: ठरवलेल्या पायऱ्यांप्रमाणे कृती

पायऱ्या तीन पुरतात, त्यांहून अधिक केल्या की कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. मी सुचवीन ती रचना अशी आहे.

पहिली पायरी, सावधगिरी: दोन वेगळे निर्देशांक सलग सात दिवस चढते असणे. कृती: जोखमीच्या ठिकाणांना दूरध्वनी, तेथील कर्मचाऱ्यांची चाचणी, मास्क व औषधांच्या साठ्याची मोजणी, वर्धक मात्रा राहिलेल्या वृद्धांची यादी.

दुसरी पायरी, विस्तार: दुपटीचा काळ दोन आठवड्यांपेक्षा कमी, किंवा रुग्णालयातील दाखल रुग्ण वाढू लागणे. कृती: चाचणी केंद्रांच्या वेळा वाढवणे, रुग्णालये, दवाखाने व वृद्धाश्रमांत मास्क सक्तीचा, नियोजित शस्त्रक्रियांचे फेरनियोजन, राखीव कर्मचाऱ्यांना बोलावणे.

तिसरी पायरी, भार कमी करणे: प्राणवायूच्या खाटा भरण्याचा अंदाज नव्या खाटा उभारण्याच्या काळापेक्षा कमी होणे. कृती: बंदिस्त जागेतील गर्दीवर मर्यादा, शक्य तेथे घरून काम, रुग्णांचे अन्य रुग्णालयांत वाटप.

तिसऱ्या पायरीचा निकष उदाहरणाने पाहू. समजा शहरात प्राणवायूच्या ४०० खाटा आहेत आणि १२० भरलेल्या आहेत. ७० टक्के खाटा रिकाम्या, म्हणजे चिंता नाही, असे बैठकीत म्हटले जाते. पण भरलेल्या खाटा दर १० दिवसांनी दुप्पट होत असतील, तर १० दिवसांनी २४० आणि साधारण १७ दिवसांनी सर्व ४०० भरतील. नवा कक्ष सुरू करायला, कर्मचारी आणि प्राणवायूची वाहिनी धरून, १४ दिवस लागत असतील, तर निर्णयासाठी तीन दिवस उरले आहेत. हा हिशेब मी जेव्हा जेव्हा फळ्यावर मांडलेला पाहिला आहे, तेव्हा खोली शांत झालेली पाहिली आहे. तो आधीच्या आठवड्यात मांडायला हवा होता, हे सर्वांना त्या क्षणी कळते.

सावधान: एका दिवसाच्या उडीवर पायरी चढू नये आणि एका दिवसाच्या घसरणीवर उतरू नये. पायरी चढायला सात दिवस पाहिले असतील, तर उतरायला चौदा दिवस पाहावेत.

## टप्पा ६: संपर्कशोध

रुग्ण हजारोंच्या घरात गेले की प्रत्येकाचे संपर्क शोधणे शक्य होत नाही. ते शक्य आहे असे कागदावर दाखवत राहणे हे नुकसानीचे आहे, कारण मोजके कर्मचारी कमी जोखमीच्या दूरध्वनींमध्ये अडकून पडतात. अशा वेळी प्राधान्य ठरवावे: आधी जोखमीच्या ठिकाणांशी जोडलेले रुग्ण, मग मोठ्या घरांतील रुग्ण, मग इतर.

बाधित व्यक्ती लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकते, म्हणून संपर्काची मोजणी लक्षणांच्या ४८ तास आधीपासून करावी. पण एवढ्यावर थांबू नये. या रुग्णाने पुढे कोणाला बाधित केले याच्या जोडीला त्याला संसर्ग कुठून झाला हेही शोधावे. करोनाचा प्रसार असमान असतो: बहुतेक बाधित एकाही व्यक्तीला संसर्ग देत नाहीत आणि थोडे जण पुष्कळांना देतात. मागे जाऊन तो एक समारंभ किंवा ती एक बंदिस्त खोली सापडली, की तेथे हजर असलेल्या सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचता येते. जपानने २०२० च्या सुरुवातीपासून अशा समूहांच्या मागे जाण्यावर भर दिला होता. यासाठी लक्षणांआधीचे किमान सात दिवस विचारावेत.

प्रश्न कसा विचारला जातो यावर सगळे अवलंबून असते. "गेल्या आठवड्यात कोणाकोणाला भेटलात?" असे विचारले की उत्तर येते, "कोणालाच नाही हो, घरीच होतो." माणूस खोटे बोलत नसतो, त्याला आठवत नसते. तोच प्रश्न असा विचारावा: "ताप कोणत्या दिवशी आला? बुधवारी? मग मंगळवारी सकाळी उठल्यापासून सांगा. घरातून किती वाजता निघालात? कशाने गेलात? जेवायला कोणाबरोबर बसलात?" मंगळवारवरून सोमवारी, सोमवारवरून रविवारी असे मागे गेले की रविवारच्या साखरपुड्याचा विषय आपोआप निघतो. दूरध्वनी करणाऱ्याने पहिल्या मिनिटात तब्येतीची चौकशी करावी, घरात औषध-किराणा आहे का ते विचारावे आणि नावे कोणालाही सांगितली जाणार नाहीत हे स्पष्ट करावे. ज्याला दंडाची किंवा बदनामीची भीती वाटते तो संपर्कांची नावे देत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

विलगीकरण हे बाधितासाठी आणि अलगीकरण हे संपर्कातील व्यक्तीसाठी, हा फरक कर्मचाऱ्यांनीही बोलताना पाळावा. एका खोलीच्या घरात राहणाऱ्याला 'वेगळ्या खोलीत राहा' असे सांगणे निरुपयोगी आहे. त्याच्यासाठी दुसरी जागा उपलब्ध असली पाहिजे, नाहीतर खिडकी उघडी ठेवणे, सर्वांनी मास्क लावणे आणि घरातील वृद्धाला तात्पुरते दुसरीकडे हलवणे एवढेच शक्य असते, आणि तेच सांगावे.

तपासून पाहा: अहवाल आल्यापासून पहिला दूरध्वनी किती तासांत गेला याची सरासरी रोज काढा. ती २४ तासांच्या पुढे गेली, तर नवी नावे घेणे थांबवून प्राधान्यक्रम पुन्हा लावा.

## टप्पा ७: जोखमीचे रुग्ण आणि रुग्णालये

विषाणूविरोधी गोळ्या लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. साठ वर्षांवरील, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या किंवा गंभीर सहव्याधी असलेल्या रुग्णाचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला आणि दूरध्वनी सहाव्या दिवशी गेला, तर ती संधी गेली. म्हणून या गटाचा नमुना वेगळ्या खुणेने प्रयोगशाळेत जावा आणि अहवाल थेट डॉक्टरांकडे यावा.

घरी असलेल्या रुग्णांना ऑक्सिमीटर देताना तो कसा लावायचा हे दाखवावे. बोट थंड असेल, नखावर रंग असेल किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. विश्रांतीत रक्तातील प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांच्या खाली आली तर डॉक्टरांना कळवावे. पण आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर आकड्याची वाट पाहू नये.

रुग्णालयांकडून खाटांची संख्या मागवताना 'कर्मचारी असलेल्या खाटा' अशी मागवावी. लाटेत परिचारिका आणि डॉक्टरही आजारी पडतात, आणि माणूस नसलेली खाट मोजून काही उपयोग नाही.

## टप्पा ८: लोकांना सांगणे

ठराविक वार, ठराविक वेळ आणि दर वेळी तेच चार आकडे, याच क्रमाने: सात दिवसांची सरासरी, बाधितांचे प्रमाण, दाखल रुग्ण, सध्याची पायरी. त्यानंतर या आठवड्यात काय करायचे, याच्या दोनच सूचना. मृत्यूंचा आकडा संसर्गानंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी हलतो, त्यामुळे 'मृत्यू वाढलेले नाहीत' या वाक्यावर सुरुवातीच्या दिवसांत धीर देऊ नये. सूचना ठोस असाव्यात: ताप किंवा घसादुखी असेल तर घरी थांबा, अँटिजेन चाचणी नकारात्मक आली तरी लक्षणे असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा, बंद खोलीत गर्दी असेल तर एन-९५ मास्क लावा. सभागृहे आणि कार्यालयांना हवा खेळती ठेवण्यास सांगताना मोजता येईल असे काही द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस निवासी नसलेल्या जागांत दर माणशी सेकंदाला १० लिटर ताज्या हवेची आहे.

वस्तीचे किंवा इमारतीचे नाव जाहीर करू नये. नाव छापून आले की तेथील लोक चाचणीला येणे बंद करतात आणि पुढच्या आठवड्यात तो भाग नकाशावर खोटाच स्वच्छ दिसतो.

## टप्पा ९: उतरणीवर काय ठेवायचे, काय सोडायचे

सरासरी सलग चौदा दिवस उतरत असेल आणि सांडपाण्यातील पातळीही उतरत असेल, तर चढलो त्याच्या उलट क्रमाने उतरावे: आधी गर्दीवरील मर्यादा, मग वाढीव केंद्रे, शेवटी जोखमीच्या ठिकाणचे मास्क. एका वेळी एकच गोष्ट सोडावी आणि मध्ये किमान एक आठवडा जाऊ द्यावा, नाहीतर रुग्ण पुन्हा वाढल्यास कशामुळे वाढले ते कळत नाही.

सांडपाण्याचे नमुने, ठराविक रुग्णालयांतील मोजणी आणि काही नमुन्यांचे जनुकीय क्रमनिर्धारण ही तीन कामे मात्र बंद करू नयेत. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले तेव्हाही विषाणू संपला असे म्हटले नव्हते. कंत्राटी कर्मचारी मोकळे होण्याआधी त्यांच्याबरोबर एक दिवस बसून प्रत्येक पायरी किती तारखेला चढली, ती ठरल्याप्रमाणे चढली का आणि उशीर झाला असेल तर नेमका कोणाच्या मेजावर झाला, हे लिहून घ्यावे. व्याख्यांचे पान आणि क्रमांकांची यादी त्याच दिवशी दुरुस्त करून सर्व प्रभागांना नव्याने पाठवावी.